डाव्या पायाचा आठवडा

शनिवार

आयर्लंडमधल्या लिमरिकहून एनिसला एक बस, एनिसहून पुढे दुसरी. दोन्ही बसमध्ये लेकीनं कॉन्सर्टिनाची पेटी मांडीवरच धरली. वरच्या फळीवर ठेव म्हटलं तर ऐकेना. मला माझे बाबा आठवले. देवरुखहून आसपासच्या वाड्यांवर भजनाला जाताना एसटीत तेही हार्मोनियम असाच कुशीत घेऊन बसायचे. बाबांची पेटी आणि लेकीची ही षट्कोनी पेटी एकाच कुळातल्या. भात्याची हवा, धातूच्या पातळ पट्ट्या, त्यांची थरथर आणि तिचा झालेला सूर. आजोबा आणि नात यांच्यामध्ये मी बसले होते, आणि मला पेटी वाजवता येत नाही. माझ्या वाट्याला पाय आले.

पुण्यात लग्नाआधी नऊ वर्षं कथक शिकले. मग संसार, शाळेतली नोकरी, आणि घुंगरू माळ्यावर. लेक चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी लिमरिकला आली आणि वर्षभरात आयरिश लोकसंगीताच्या नादी लागली. फोनवर ती वाजवायची, मी पुण्याच्या स्वयंपाकघरात ऐकायचे आणि ओट्याशी उभ्या उभ्या माझे पाय हलायचे. तिनं ते ओळखलं. "आई, जुलैत ये. क्लेअरमध्ये आठवडाभर शाळा भरते. मी वाजवायला बसेन, तू नाचायला उभी राहा." मी एकसष्ट वर्षांची आहे. तिकीट काढलं.

मिलटाउन मॅलबे हे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं, क्लेअर परगण्यातलं, हजाराच्या आसपास वस्तीचं गाव. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना रंगवलेली दुकानं, आणि गावाबाहेर पडलं की अटलांटिकचा वारा. जुलैच्या पहिल्या शनिवारी इथं विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा, आयरिश संगीताची आणि नाचाची, सुरू होते आणि गाव फुगतं. फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, पेट्या पाठीवर लटकवलेली शाळकरी मुलं, काखेत बासरी घेतलेले आजोबा, जपानहून आलेली दोन मुलं, फ्रान्समधल्या ब्रिटनीहून आलेलं एक कुटुंब. राहायची खोली लेकीनं फेब्रुवारीतच सांगून ठेवली होती.

रात्री पहिलं सेशन ऐकलं. पबच्या मागच्या खोलीत सात-आठ जण तोंडं आत करून, गोल करून बसलेले. मंच नाही, माइक नाही. ऐकणाऱ्यांकडे त्यांची पाठ. पहिल्यांदा मला ते थोडं लागलं, आणि पाच मिनिटांत कळलं की हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या वाडीतलं भजनी मंडळ असंच बसायचं. ऐकायला कुणी आलं तर बसावं, नाही आलं तरी भजन होणारच. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना सगळे एकच धून वाजवत होते. कुणी वरचा सूर, कुणी खालचा असं काही नाही. वेगळेपणा दिसतो तो एखाद्या स्वराला दिलेल्या झटक्यात, श्वास घेण्याच्या जागेत. एक धून तीनदा वाजली, न थांबता दुसरी आली, आणि ती येण्याच्या क्षणी कोपऱ्यातून कुणीतरी "हप!" म्हणून ओरडलं. आपल्याकडची "वाह!" समेवर येते, इथली वळणावर येते.

बाहेर आलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि आकाशात उजेड होता.

रविवार

आज वर्ग नव्हते. ज्याच्या नावानं ही शाळा आहे त्याला भेटायला आम्ही सकाळी गावच्या दफनभूमीत गेलो.

विली क्लॅन्सी 1918 मध्ये याच गावाजवळ जन्मला आणि 1973 च्या जानेवारीत गेला. धंद्यानं सुतार. वाजवायचा इलन पाइप्स. हे वाद्य तोंडानं फुंकत नाहीत. उजव्या काखेत भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी, मांडीवर सुरांची नळी. पूर्ण साज असेल तर सूर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या वेगळ्या, आणि मनगटानं दाबायच्या किल्ल्यांच्या आणखी तीन. आयरिश भाषेत 'इल्य' म्हणजे कोपर, त्यावरून नाव. बसूनच वाजवायचं वाद्य आहे हे. 2017 मध्ये युनेस्कोनं या वादनकलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पण मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जवळचं वाटलं ते त्याच्यापर्यंत संगीत कसं आलं ते. गॅरेट बॅरी नावाचा एक आंधळा पायपर या भागात घरोघर वाजवत फिरायचा. तो 1899 मध्ये वारला. विलीनं त्याला पाहिलेलंही नाही. पण विलीचे वडील गिल्बर्ट यांनी बॅरीला मनसोक्त ऐकलं होतं. त्यांनी त्या धुना मुलापर्यंत पोचवल्या. मग 1936 मध्ये जॉनी डोरान आला. हा घोडागाडीत संसार घेऊन फिरणारा पायपर. जत्रांत, शर्यतींच्या मैदानावर वाजवायचा. त्याला ऐकलं आणि विलीला पाइप्सशिवाय राहवेना. पहिलं वाद्य हाती यायला आणखी दोन वर्षं लागली. पुढे पोटासाठी डब्लिन, मग लंडन; 1957 मध्ये वडील गेले तेव्हा तो गावी परतला तो कायमचा. इतकी माणसं त्याच्याकडे शिकायला, ऐकायला यायची की तो गेला त्याच वर्षी मित्रांनी त्याच्या नावानं ही शाळा सुरू केली. तेव्हापासून ती भरते आहे.

परतताना रस्त्यात एक बाराएक वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर शिकाऊ साज: भाता, पिशवी आणि एकच नळी. एकच ओळ पुन्हा पुन्हा. वडील शेजारी उभे, काही न बोलता. चुकलं की मुलगा वर बघायचा, वडील तीच ओळ तोंडानं म्हणायचे.

सोमवार

दहा वाजता वर्ग. वर्ग गावभर विखुरलेले असतात: शाळेच्या खोल्या, सभागृहं, काही तर लोकांच्या घरांत. लेक कॉन्सर्टिनाकडे गेली, मी लाकडी जमिनीच्या एका सभागृहात. अठरा जण होतो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात, बारीक अंगाच्या, चामडी तळव्याचे साधे काळे बूट घातलेल्या.

'रिव्हरडान्स' पाहिलेल्या माणसाला वाटतं तो हा नाच नव्हे. 30 एप्रिल 1994 ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात तो सात मिनिटांचा नाच झाला आणि जगानं आयरिश पाय पाहिले. हात अंगाला चिकटलेले, उंच उड्या, एका रांगेत टणकारणारे बूट. त्यामागे स्पर्धांची शिस्तबद्ध परंपरा आहे आणि मी तिला नमस्कार करते. क्लेअरमधला जुना नाच मात्र जमिनीलगतचा. हात मोकळे, खांदे सैल, पाय जमिनीपासून दोन-तीन इंचांवर जायचे नाहीत. बाई म्हणाल्या, "ताटात नाचता आलं पाहिजे."

मी कथकवाली, तेव्हा माझा पाय पहिल्याच ठेक्यात उघडा पडला. आपला तत्कार, म्हणजे पायांचा ठेका, सबंध तळव्याचा. वजन खाली, जमिनीत. नाद तळव्याचा आणि घुंगरांचा. इथं वजन वर, चवड्यावर. टाच जमिनीला लागते ती मुद्दाम नाद काढायला. पायाचं टोक पुढे घासत नेऊन लगेच मागे ओढायचं, त्यातून दोन नाद निघतात, आणि पाय टेकला की तिसरा. याला इथं बॅटर म्हणतात. नऊ वर्षांत पक्क्या झालेल्या घोट्याला हे सांगावं लागतं, आणि घोटा लगेच ऐकत नाही.

मग बाईंनी जे केलं त्यानं माझा जीव तिथं जडला. त्यांनी पाय थांबवले आणि पावलं तोंडानं म्हटली. 'दिडल-डी-ऐडल, दिडल-डी-डम' असं काहीसं, पण चालीत, सुरात. याला लिल्टिंग म्हणतात. घरात वाद्य नसेल, वाजवणारा थकला असेल, तेव्हा कुणीतरी असं तोंडानं गायचं आणि बाकीच्यांनी नाचायचं. माझ्या गुरुजींनी नऊ वर्षं माझ्याकडून हेच करून घेतलं होतं: आधी पढंत, मग पाय. तोंडात नाही ते पायात येत नाही, हे वाक्य त्यांच्याकडून ऐकलं होतं. बाईंनी जवळजवळ तेच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "फोन पिशवीत राहू द्या. कानानं घ्या."

जिग नावाच्या नाचाच्या चालीवर आठ आवर्तनांचं एक पाऊल त्यांनी दिलं. आवर्तनाला मात्रा सहा, तीन-तीन अशा. मनात मी दादरा ताल लावला, धा धी ना, धा ती ना, आणि ते बसलं. उजव्या पायानं मला तासाभरात आलं.

मग म्हणाल्या, "आता डावीकडून." इथला नियम असा की प्रत्येक पाऊल आठ आवर्तनं उजव्यानं केलं की तेच्या तेच आठ आवर्तनं डाव्यानं करायचं. धूनसुद्धा तशीच बांधलेली: पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा. दुसऱ्या भागाला वाजवणारे 'टर्न' म्हणतात, म्हणजे वळण. आपला अंतराच तो. डाव्या पायानं मला पहिल्या आवर्तनापुढे जाता आलं नाही.

मंगळवार

डावा पाय आलेला नाही.

मधल्या सुट्टीत बाईंना विचारलं, ही जिग कुठली, नाव काय. नाव माहीत नाही म्हणाल्या. "आईकडून घेतली. आई चुलीपाशी म्हणायची." इथं धुनेबद्दल विचारलं की लोक नाव नंतर सांगतात, ती कुणाकडून घेतली ते आधी. आपल्या घराण्यांत बंदिशीबद्दल बोलतात तसंच. कागदावर धुना नाहीत असं नव्हे. शिकागोचे पोलीसप्रमुख झालेले फ्रान्सिस ओनील, मूळचे कॉर्कचे, यांनी 1903 मध्ये 1850 धुनांचा ग्रंथ छापला आणि तो आजही वाजवणाऱ्यांच्या घरी असतो. तरी ओनीलच्या पुस्तकातून घेतली म्हणताना माणसाचा आवाज वेगळा, आणि आईकडून घेतली म्हणताना वेगळा.

दुपारी एका व्याख्यानाला बसले, आणि संध्याकाळी घरमालकीण काकूंनी चहासोबत त्याला पुरवणी जोडली. जुन्या काळी नाच शिकवणारे गुरू गावोगाव हिंडायचे. एका गावात काही आठवडे मुक्काम, कुणाच्या तरी घरी राहायचं, कोठारात वर्ग भरवायचे. उजवा-डावा न कळणाऱ्या पोरांच्या एका पायाला गवताची दोरी बांधायची आणि दुसऱ्याला लवचीक फोकाची, आणि दोऱ्यांच्या नावानं हुकूम द्यायचे. बिजागऱ्यांवरून दार काढून जमिनीवर आडवं टाकायचे आणि त्यावर नाचायचे, कारण मातीच्या जमिनीला नाद नाही. चुलीपुढच्या दगडी लादीखाली घोड्याची कवटी पुरायचे, तिच्या पोकळीनं नाद घुमावा म्हणून. काकू हे सांगताना आपल्या टाइलच्या फरशीकडे अशा बघत होत्या की मला वाईट वाटलं.

मग 1935 चा कायदा आला. सार्वजनिक नाचाला परवाना हवा. कायदा नाचघरांसाठी होता, पण त्याच्या आधारानं पाद्री आणि पोलीस घराघरांतल्या आणि चव्हाट्यावरच्या नाचांवरही येऊ लागले. मुलॉखचे फिडलवादक ज्युनियर क्रेहन यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. घरातला नाच बंद झाला की घरातला वाजवणारा कुणासाठी वाजवणार? त्यात तरुण पोरं बोटीत बसून परदेशी चाललेली. सत्तरच्या दशकात विली क्लॅन्सीच्या नावानं शाळा काढणाऱ्यांमध्ये हेच ज्युनियर क्रेहन होते. ही शाळा एका माणसाचं स्मारक म्हणून मी पाहत होते. रात्री पडल्या पडल्या कळलं की ती बंद केलेल्या स्वयंपाकघरांचं दार उघडणं आहे.

बुधवार

पाऊस. वर्ग. डावा पाय दुसऱ्या आवर्तनापर्यंत.

दुपारी उघडलं तेव्हा स्पॅनिश पॉइंटच्या वाळूवर चालत गेलो. 1588 च्या स्पॅनिश आरमारातली जहाजं या किनाऱ्यावर फुटली, त्यावरून नाव. लाटा आपल्या गणपतीपुळ्याच्या पावसाळ्यासारख्या, पाणी बर्फासारखं. लेक म्हणाली, "आई, वाळूवर कर ना." केलं. वाळूला नाद नाही. मग त्या दाराचं महत्त्व पायाला कळलं.

गुरुवार

आज रात्रीबद्दल सविस्तर लिहिते.

नऊ वाजता 'केली', म्हणजे सामूहिक नाच. मोठं सभागृह, मंचावर बँड: फिडल, बासऱ्या, अ‍ॅकॉर्डियन, पियानो, ड्रम. खाली तीनशे तरी माणसं. क्लेअरचा नाच म्हणजे सेट. चार जोडप्यांचा चौकोन, आणि इथला लाडका तो कॅलेडोनियन. मूळ फ्रेंच क्वाड्रिल, सैनिकांबरोबर आणि नाचगुरूंबरोबर इथं आली. इथल्या लोकांनी तिला आपल्या रील (चार मात्रांच्या नाचाच्या धुना) आणि जिग लावल्या, आपले पाय लावले. दरबारी नाच शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात मावेल असा केला.

मला सेट येत नव्हता. एका शेतकरी दिसणाऱ्या गृहस्थांनी हात पुढे केला. येत नाही म्हटलं. "माझ्याबरोबर या, घर सांभाळेल," म्हणाले. त्यांच्या चौकोनाला ते घर म्हणाले हे मला फार आवडलं. जोडी चौकोनाभोवती गिरक्या घेत फिरते त्याला इथं घराला फेरी म्हणतात, आणि जुनी आरोळी अशी की घराला फेरी घ्या आणि भांड्यांच्या फडताळाला सांभाळा. खरोखरीचं स्वयंपाकघर, खरोखरीचं फडताळ, चिनी मातीच्या बशा.

पहिल्या आकृतीत, म्हणजे सेटच्या पहिल्या भागात, हरवले. दुसरीत समोरच्या बाईंनी डोळ्यांनी सांगितलं. तिसरीत जो माणूस मला फिरवत होता त्याच्या बुटांचा नाद कानात आला आणि मी त्याच्यामागे पाय लावला. तीनशे माणसं एका वेळी बॅटर मारतात तेव्हा ती जमीन उचलते; खालून वर नाद येतो, पोटऱ्यांतून गुडघ्यात. जाखडीत पोरं फेर धरतात, मृदंग चढतो, चाळ बांधलेले पाय एकत्र पडतात आणि अंगणातल्या खळ्याची जमीन दणाणते. कोकणातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. मी ते चाळीस वर्षांनी अंगात घेतलं, आणि या वेळी कडेला उभी नव्हते. आमच्याकडे जाखडीत मी कधी नाचले नाही. मुली नाचत नसत.

सगळ्या आकृत्या संपल्या. त्या गृहस्थांनी थँक यू म्हटलं, पाणी आणून दिलं, आणि पुढच्या सेटसाठी दुसऱ्या कुणा नवख्या बाईपुढे हात केला. असं करतच तो माणूस रात्रभर नाचला.

शुक्रवार

लेक आज पहिल्यांदा सेशनमध्ये बसली. आधी विचारायचं असतं. ती दोन तास कडेला ऐकत बसली होती. मग फिडलवाल्या बाईंनी तिच्या पेटीकडे पाहून खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "काहीतरी सुरू कर." तिनं आठवड्यात शिकलेली एक रील सुरू केली. पहिली फेरी एकटी वाजवत होती, आवाज बारीक. दुसऱ्या फेरीला बासरी आली, मग फिडल, मग बॉरान नावाच्या डफाची बकऱ्याच्या कातड्याची घुमी. तिच्या धुनेला चार माणसांनी खांदा दिला. बाबा असते तर. त्यांना कॉन्सर्टिना पाहताच उघडून आतल्या पट्ट्या बघायच्या असत्या. क्लेअरमध्ये ही पेटी चुलीशेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे, दमट हवा लागू नये म्हणून. आमच्या घरीही पावसाळ्यात हार्मोनियम चुलीच्या भिंतीकडेच असायची.

रात्री उशिरा गाण्याच्या बैठकीत गेलो. एका वृद्धांनी आयरिश भाषेतलं गाणं साथीशिवाय म्हटलं, डोळे मिटून. शेजारच्या माणसानं त्यांचा हात हातात घेतला आणि ओळीच्या लयीत हळूहळू फिरवत राहिला. गाणाऱ्याला धीर द्यायची ही रीत आहे. गाणं संपलं की गाणाऱ्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि त्याला नाही म्हणायचं नसतं. वृद्धांनी माझ्याकडे बोट केलं.

मी गात नाही. मी पढंत केली. आधी हातावर ताल धरून दादऱ्याचा ठेका म्हटला, मग त्यावर तिश्र जातीचे बोल, तकिट तकिट, दुप्पट, चौपट, आणि तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर थांबले. खोली गप्प होती. भिंतीकडून बुटांचा आवाज आला. माझ्या वर्गातल्या बाई तिथं होत्या, मला माहीत नव्हतं. उभ्या राहून त्यांनी माझ्या शेवटच्या ओळीला पायांनी उत्तर दिलं, आणि तिहाई, जी त्यांनी एकदाच ऐकली होती, तीनही वेळा बरोबर वाजवली. मग मला म्हणाल्या, "ही कुणाकडून घेतलीत?"

मी गुरुजींचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

शनिवार

शेवटचा वर्ग. एकेकानं मध्ये येऊन पाऊल करायचं होतं. माझा डावा पाय सहाव्या आवर्तनात थांबला. बाईंनी टाळी वाजवली नाही, उगीच कौतुकही केलं नाही. हात धरून म्हणाल्या, "दोन राहिलीत. घरी करा."

दुपारची बस. मिलटाउन मॅलबेवरून एके काळी वेस्ट क्लेअरची लहान रेल्वेगाडी जायची, 1961 मध्ये बंद पडली. ती असती तर बरं झालं असतं, इतक्या हळू मला तिथून निघायचं होतं.

रात्री लिमरिकला लेकीच्या स्वयंपाकघरात भात टाकला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती पेटी घेऊन टेबलाशी बसली आणि बाईंच्या आईची जिग वाजवायला लागली. ही कुठून आली तुला, विचारलं. "तू आठवडाभर झोपेत म्हणतेयस," म्हणाली. मी काळे बूट घालून फरशीवर उभी राहिले. पहिला भाग, उजवा पाय, आठ. पुन्हा पहिला भाग, डावा. पाच, सहा. सातवं आलं. आठवं आलं, टाच पडली आणि धून वळणावर आली. "हप!" लेक म्हणाली, आणि न थांबता वळण सुरू केलं.